सूत्राआधी घटना: भौतिकशास्त्र शिकवू लागलेल्यांसाठी

आठवी ते दहावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवायला नुकतीच सुरुवात करणाऱ्यांसाठी हा लेख आहे, मग ते शाळेत नव्याने रुजू झालेले शिक्षक असोत, वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी शिकवणारे स्वयंसेवक असोत किंवा घरीच मुलांचा अभ्यास घेणारे आईवडील असोत. गणिताचा भार कमी ठेवून रोजच्या अनुभवातून या विषयाची ओळख कशी करून द्यावी, याची पद्धत येथे क्रमाने मांडली आहे. गणित टाळावे असे मला सुचवायचे नाही. सूत्र फळ्यावर येण्यापूर्वी ते ज्या घटनेविषयी आहे ती घटना मुलाने पाहिलेली असावी, तिच्याबद्दल स्वतःचा अंदाज बांधलेला असावा आणि तो अंदाज का टिकला किंवा का कोसळला हे त्याला स्वतःच्या वाक्यांत सांगता यावे, एवढाच माझा आग्रह आहे. हा क्रम उलटला की मुले सूत्रात आकडे भरायला शिकतात आणि उत्तर बरोबर आले तरी काय घडले हे त्यांना सांगता येत नाही.

ही पद्धत दुबळ्या विद्यार्थ्यांसाठी काढलेली पळवाट आहे, असे काही जणांना वाटते. त्यांनी मायकेल फॅरेडे आठवावा. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या या माणसाचे गणिताचे शिक्षण जेमतेमच होते. तरीही १८३१ साली त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधले आणि चुंबकाभोवतीच्या बलरेषांचे चित्र मनात धरून विचार केला. त्या चित्राला गणिती रूप पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने दिले. चित्र आधी आले आणि समीकरणे नंतर.

पहिली पायरी: प्रश्न निवडणे

पाठाची सुरुवात व्याख्येने करू नये, प्रश्नाने करावी, आणि प्रश्न निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: ती घटना वर्गातल्या प्रत्येक मुलाने अनुभवलेली असावी, तिच्या उत्तरावर वर्गात मतभेद होण्याची शक्यता असावी आणि खरे उत्तर काय हे साध्या साधनांनी तपासता यावे. यातली दुसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि नवे शिक्षक नेमकी तीच विसरतात. ज्या प्रश्नाचे उत्तर सगळे एकसुरात देतात, त्या प्रश्नातून फारसे काही शिकून होत नाही.

साध्या दिसणाऱ्या प्रश्नातून किती दूर जाता येते याचे एक उदाहरण मुंबईशीच जोडलेले आहे. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन इंग्लंडहून बोटीने परत येत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे त्या काळी मानले जात असे. रामन यांनी बोटीवर एका लहान प्रिझमच्या साहाय्याने पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश वगळून पाणी पाहिले, तेव्हा निळाई नाहीशी झाली नाही, उलट अधिक गडद दिसली. म्हणजे तो रंग पाण्यातच होणाऱ्या प्रकाशाच्या विकिरणातून येत होता. त्याविषयीचे त्यांचे टिपण सप्टेंबर १९२१ मध्ये मुंबई बंदरातून लिहिलेले आहे. ज्या संशोधनासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्याची वाट या प्रश्नापासून सुरू होते. मुलांना ही हकिकत अवश्य सांगावी, मात्र आपल्या चौपाटीवरचे पाणी गाळामुळे मातकट दिसते, हेही त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे.

मुंबईत गतीच्या नियमांसाठी लोकलइतके चांगले साधन दुसरे नाही. प्रश्न असा विचारावा: गाडीच्या डब्यात बसून धाग्याला एक लहान नट बांधून तो लोंबकळत धरला, तर गाडी सुटताना, पूर्ण वेगात असताना आणि ब्रेक लागताना तो नट कुठे असेल? गाडी सुटताना नट मागे जाईल आणि थांबताना पुढे जाईल, हे बहुतेक मुले बरोबर सांगतात. खरी गंमत मधल्या प्रश्नात आहे. गाडी दोन स्थानकांच्या मध्ये सरळ मार्गावर भरधाव पण एकसमान वेगाने जात असताना नट मागेच झुकलेला राहील, असे पुष्कळ मुलांना वाटते, कारण वेग आहे म्हणजे काहीतरी बल लागतच असणार, हा समज आपल्या सर्वांच्या मनात खोलवर बसलेला असतो. प्रत्यक्षात डब्याचे हादरे सोडले तर नट सरळ खाली लोंबतो. नट गाडीचा वेग दाखवत नाही, वेगातला बदल दाखवतो. न्यूटनचा पहिला नियम पाठ असलेल्या मुलालाही हे पाहून थांबून विचार करावा लागतो.

हा प्रयोग दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी, आत आसनावर बसून आणि मोठ्या माणसाच्या सोबतीनेच करावा. दाराजवळ तो करू देऊ नये. हादऱ्यांमुळे नट हलत राहतो, म्हणून त्याच्या झोक्याच्या मधल्या जागेकडे पाहायला शिकवावे. पुढच्या तासाला थोडे अंकगणित आणता येते. धागा ३० सेंटिमीटरचा असेल आणि गाडीचे त्वरण दर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद एवढे असेल, तर ते गुरुत्वत्वरणाच्या साधारण विसावा भाग होते, म्हणून नटही धाग्याच्या लांबीच्या विसाव्या भागाइतका, म्हणजे सुमारे दीड सेंटिमीटर मागे सरकतो. येथे त्रिकोणमितीची गरज पडली नाही, केवळ प्रमाण पुरले. मूल पट्टी घेऊन हे मोजू शकते आणि आपण धाग्यावरून गाडीचे त्वरण काढले, याचा आनंद त्याला बराच काळ पुरतो.

दुसरी पायरी: अंदाज लिहून घेणे

प्रयोग दाखवण्यापूर्वी प्रत्येकाकडून अंदाज आणि त्याचे कारण वहीत लिहून घ्यावे. तोंडी विचारले तर हुशार समजली जाणारी दोन-तीन मुले बोलतात आणि उरलेला वर्ग त्यांच्यामागे जातो. लिहिलेला अंदाज मात्र मुलाचा स्वतःचा असतो, आणि तो चुकला की त्याला कारण शोधावेसे वाटते. चुकलेल्या अंदाजाला गुण कापू नयेत, हसू तर मुळीच नये. कारण लिहिले आहे की नाही, एवढेच पाहावे.

रोजचा अनुभव भौतिकशास्त्राला नेहमीच साथ देतो, असे समजणे ही या पद्धतीतली सर्वांत मोठी फसगत आहे. पुष्कळदा अनुभवच चुकीचा नियम शिकवतो, आणि म्हणूनच अंदाजाची पायरी वगळता येत नाही. उष्णतेचा पाठ घ्या. वर्गात एक ॲल्युमिनियमचे जाड पातेले पालथे घालावे आणि शेजारी लाकडी पोळपाट ठेवावा. दोन्ही वस्तू रात्रभर त्याच खोलीत असाव्यात. मुलांना हात लावायला सांगितला की पातेले गार आणि पोळपाट त्यामानाने उबदार, असे सगळे म्हणतात. आता विचारावे की दोन्हींवर बर्फाचा एकेक सारखा खडा ठेवला तर कुठला आधी वितळेल. गार वस्तूवर बर्फ जास्त टिकेल, या तर्काने बहुतेक मुले पोळपाटाचे नाव घेतात. प्रत्यक्षात पातेल्यावरचा खडा पाहता पाहता पाणी होतो आणि पोळपाटावरचा बराच वेळ टिकून राहतो.

या क्षणी शिक्षकाने स्पष्टीकरण देण्याची घाई करू नये. चार-पाच मिनिटे मुलांना आपापसांत बोलू द्यावे. मग विचारावे की दोन्ही वस्तू एकाच खोलीत रात्रभर होत्या, तर त्यांचे तापमान वेगळे कसे असेल. शक्य असल्यास तापमापी लावून ते सारखेच आहे हे दाखवावे. आपला हात तापमान मोजत नाही, हातातून उष्णता किती झपाट्याने निघून जाते हे त्याला जाणवते, या निष्कर्षापर्यंत मुले थोड्या मदतीने स्वतः पोहोचतात. धातू हातातली उष्णता झटकन घेतो म्हणून गार वाटतो, आणि त्याच गुणामुळे तो बर्फाला खोलीतली उष्णता झटकन पोहोचवतो. उष्णता आणि तापमान यांतला फरक व्याख्या सांगून कितीही समजावला तरी इतका पक्का बसत नाही.

त्याला जोडून दुसरा प्रश्न घ्यावा: बर्फाचा खडा पिशवीत घालून स्वेटरमध्ये गुंडाळला तर लवकर वितळेल की उशिरा? स्वेटर ऊब देतो, म्हणून लवकर, असे उत्तर हमखास येते. अर्ध्या तासाने पिशवी उघडली की चित्र उलटे दिसते. येथे इतिहासही कामी येतो. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून तळ्यांचा बर्फ भरून निघालेले जहाज सुमारे चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचले, तेव्हा त्यातला बराचसा बर्फ शाबूत होता, कारण त्याच्याभोवती उष्णता सहज आत येऊ न देणारे जाड आवरण होते. पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला आणि त्याच्यासाठी फोर्ट भागात खास कोठी उभी राहिली. मासळी बाजारात बर्फावर गोणपाट का टाकतात, याचे उत्तर मग मुलेच देतात.

तिसरी पायरी: वाक्य, चित्र आणि शेवटी संख्या

निरीक्षणानंतर लगेच सूत्राकडे जाऊ नये. आधी नियम पूर्ण वाक्यात लिहून घ्यावा, मग बाणांचे चित्र किंवा आलेख काढून घ्यावा आणि त्यानंतरच संख्यांना हात घालावा. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे सूत्र सांगण्याआधी ‘तेवढ्याच बलाने दुप्पट वस्तुमानाची वस्तू ढकलली तर तिचा वेग निम्म्या गतीने वाढतो’ हे वाक्य मुलाला म्हणता आले पाहिजे. ज्याला हे वाक्य म्हणता येते, त्याच्यासाठी सूत्र म्हणजे त्याच वाक्याचे लघुरूप ठरते.

संख्यांची गोडी लावण्यासाठी मुंबईत समुद्राचा फार चांगला उपयोग होतो. पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस आणि वेळा वर्तमानपत्रांत छापून येतात. मुलांना पंधरा दिवस रोजच्या भरतीच्या वेळा आणि भरतीची दिलेली उंची वहीत नोंदवायला सांगावे, आणि शेजारी पंचांगातली तिथी लिहायला लावावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भरतीची उंची कमी असते, हे त्यांना आलेखावर दिसेल. त्याचबरोबर भरतीची वेळ रोज पुढे सरकते, हेही दिसेल.

या किनाऱ्यावर भरतीची वेळ सांगण्याचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. वर्गातल्या कोळीवाड्यातल्या एखाद्या मुलाला हा हिशेब घरी ऐकून माहीत असण्याचा संभव असतो, आणि त्याने तो सर्वांना समजावून सांगावा यासारखे दुसरे चांगले नाही. आता प्रश्न असा की पाऊणच का? चंद्र सूर्याच्या संदर्भात एक फेरा सुमारे साडेएकोणतीस दिवसांत पूर्ण करतो, म्हणून तो रोज आकाशात तेवढा मागे पडतो आणि चोवीस तासांची, म्हणजे १,४४० मिनिटांची वाटणी साडेएकोणतीस दिवसांत केली तर दर दिवशी सुमारे ४९ मिनिटांचा उशीर निघतो. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. अगदी जवळचा आणि तोंडी करायला सोपा असा हा आकडा आहे. पंधरवड्याच्या शेवटी या हिशेबात तासाभराचा फरक का पडतो हे मुले स्वतः गुणाकार करून काढू शकतात, आणि अष्टमीच्या आसपास छापील वेळा आणखी थोड्या का सरकतात, या प्रश्नावर सूर्याची ओढही मोजायला हवी, असे त्यांना सांगता येते. भरती दिवसातून दोनदा का येते, हा प्रश्न निघणारच. चंद्राच्या बाजूचे पाणी पृथ्वीच्या केंद्रापेक्षा जास्त ओढले जाते आणि पलीकडच्या बाजूचे कमी, या फरकामुळे दोन्ही बाजूंना फुगवटा येतो, एवढे उत्तर या वयात पुरेसे आहे.

ऊर्जेच्या पाठासाठी घरातले विजेचे बिल आणायला सांगावे. बिलावरचे एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजेच ३६ लाख जूल. हा आकडा मुलाला काहीच सांगत नाही. म्हणून विचारावे की ६० किलो वजनाचा माणूस दहा मजले, म्हणजे सुमारे ३० मीटर चढून गेला तर स्वतःला वर उचलण्यात त्याने किती कार्य केले. गुरुत्वत्वरण सोयीसाठी दहा धरले तर उत्तर १८,००० जूल येते. एका युनिटमध्ये तो माणूस दोनशे वेळा दहाव्या मजल्यावर जाऊ शकला असता. शरीर प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट ऊर्जा खर्च करते, हे सांगायला विसरू नये. पण हजार वॅटची इस्त्री तासभर चालू राहिली म्हणजे काय झाले, हे ज्याला या हिशेबातून कळले, तो कार्य आणि ऊर्जा यांचे नाते सहसा विसरत नाही.

उपमांविषयी सावधगिरी

विद्युतधारा शिकवताना नळातून वाहणाऱ्या पाण्याची उपमा सगळेच देतात आणि ती काही अंतरापर्यंत उपयोगीही पडते. पण तिची मर्यादा त्याच तासाला सांगितली पाहिजे: नळ फुटला तर पाणी बाहेर सांडते, तार तुटली तर धारा बाहेर न सांडता सगळ्या परिपथात थांबते. उपमा दिली की ती कुठे तुटते हे मुलांनाच शोधायला लावावे. विद्युतधारा दिव्यात ‘संपते’ हा समज फार चिवट असतो. टॉर्चचे सेल आणि एकाच प्रकारचे दोन छोटे बल्ब एकापाठोपाठ जोडून पहिला बल्ब जास्त उजळेल का, असे विचारावे; दोन्ही सारखेच उजळतात हे पाहिल्यावर चर्चेला योग्य वळण लागते. हे प्रयोग केवळ सेलवर करावेत. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला मुलांचा हात लागता कामा नये, याबाबतीत कोणतीही सवलत नाही.

डोळे दिपवणाऱ्या प्रयोगांचाही मोह आवरावा. अंदाज न बांधता पाहिलेला प्रयोग जादूच्या खेळासारखा विसरला जातो. हेच सहलींनाही लागू आहे. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून सर्वांसाठी खुले आहे आणि मुलांना तेथे जरूर न्यावे, पण वर्गात उरलेले दोन-तीन प्रश्न वहीत लिहून न्यावे आणि तेवढ्याच दालनांत वेळ घालवावा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मुलांच्या अशा समजुतींवर अनेक वर्षे अभ्यास झालेला आहे. शिक्षकांनी त्यांचे साहित्य पाहावे, असे मी मुद्दाम सुचवेन.

परीक्षेचे काय?

हा प्रश्न पालक पहिल्याच आठवड्यात विचारतात आणि त्यात गैर काही नाही. दहावीच्या परीक्षेत गणिती उदाहरणे असतात व ती सोडवता आलीच पाहिजेत. फरक एवढाच करावा की प्रत्येक उदाहरण सोडवण्यापूर्वी उत्तर साधारण किती येईल आणि एखादी राशी दुप्पट केली तर ते वाढेल की घटेल, हे एका ओळीत लिहायला लावावे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ब्रेक लावल्यावर १० मीटरवर थांबते, तर तोच ब्रेक लावून ताशी ७२ किलोमीटर वेगाची मोटार किती अंतरावर थांबेल? बहुतेक मुले २० मीटर लिहितात. त्यांना वेग आणि काळ यांचा आलेख काढू द्यावा. दुप्पट वेगाला थांबायला वेळही दुप्पट लागतो, म्हणून त्रिकोणाची उंची दुप्पट होते आणि पायाही दुप्पट होतो. क्षेत्रफळ, म्हणजेच कापलेले अंतर, चौपट होते. उत्तर ४० मीटर. यानंतर गतीचे समीकरण वापरून तेच उत्तर काढले की मुलाला समीकरणावर विश्वास वाटतो, आणि द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा का असते हे सांगण्यासाठी वेगळा तास लागत नाही.

वेळ अपुरा पडतो ही तक्रार खरी आहे. प्रत्येक घटकाला एकच प्रश्न घ्यावा आणि तो आठवडाभर चालवावा. पाच उदाहरणे पळत पळत दाखवण्यापेक्षा एका उदाहरणाशी बराच वेळ थांबणे शेवटी स्वस्त पडते, कारण उजळणीला वेळ कमी लागतो.

पहिला पाठ कोणता घ्यावा

ज्यांना कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल, त्यांनी हिवाळ्यात शाळेच्या गच्चीवर सावलीचा पाठ घ्यावा. त्यासाठी एक मीटर लांबीची सरळ काठी, ओळंबा, खडू आणि घड्याळ एवढेच लागते. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत आकाश बहुधा स्वच्छ असते. आदल्या दिवशी मुलांकडून दोन अंदाज लिहून घ्यावेत: सर्वांत छोटी सावली किती वाजता पडेल आणि तेव्हा ती किती लांब असेल. पहिल्या प्रश्नाला बहुतेक वहीत ‘बारा वाजता’ असेच उत्तर असते, आणि सूर्य डोक्यावर येतो म्हणून सावली जवळजवळ नसेलच, असे दुसऱ्याचे.

बारा वाजण्याच्या थोडे आधीपासून सव्वा वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करावी. सावली बारानंतरही आखडतच राहते आणि साडेबारानंतर सात-आठ मिनिटांनी सर्वांत छोटी होते. तेव्हाही ती सुमारे ९२ सेंटिमीटर, म्हणजे काठीपेक्षा थोडीशीच आखूड असते. काठी ओळंब्यात उभी नसेल तर आकडे बिघडतात, म्हणून प्रत्येक गटाने ती आधी तपासावी. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते आणि मुंबई त्याच्या साडेनऊ अंशांहून थोडी अधिक पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, एवढी माहिती दिली की उशिराचा हिशेब मुले स्वतः करतात. सावलीच्या लांबीचे कारण मात्र लगेच सांगू नये. जानेवारीच्या अखेरीस आणि पुन्हा फेब्रुवारीच्या अखेरीस तीच काठी त्याच जागी उभी करून मोजणी करावी, तिन्ही खुणा गच्चीवर ऑइल पेंटने कायम कराव्यात आणि सूर्य मुंबईत खरोखर डोक्यावर केव्हा येतो, याचा अंदाज त्यांवरून मुलांना बांधू द्यावा.